सतरा महिन्यांचा बाप

"तुझी पोर अजून दीड वर्षाची नाही, आणि तू लोकांना यशस्वी मुलं कशी घडवायची ते सांगतोस?" घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हे मला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीनंतरसुद्धा विचारून झालंय. एकदाच सांगतो.

'यशस्वी'चं मला काही कळत नाही. आमच्या चिऊचं आजवरचं यश म्हणजे वरणभाताचा चमचा दहातून चार वेळा तोंडात जातो. पण झोपेवर मी बोलायचो, आणि छातीठोक बोलायचो.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं बाळ सात महिन्यांचं. रात्ररात्र रडायचं. मी म्हटलं, "लगेच उचलू नका. आधी पाच मिनिटं थांबा, मग दहा. आमची तिसऱ्या रात्री झोपली." तिसऱ्या रात्री ते रडणं छतातून खाली येत होतं. चाळीस मिनिटं, मी घड्याळाकडे बघत ऐकलं. पहाटे चारला एकदम शांत. मी मेसेज टाकला: 'बघा, जमलं ना!'

सकाळी वहिनींनी दुपटं दाखवलं. कान टेकतो तिथे पिवळा, चिकट डाग. मधल्या कानात पू झाला होता. आडवं झालं की ठणका वाढतो, पडदा फुटून पू वाहिला की दुखणं उतरतं. पोरगं म्हणून झोपलं होतं. (पडदा नंतर भरून आला.) वहिनी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावजी, चिऊचा कान कधी दुखला नव्हता का?"

नव्हता. माझा सगळा अनुभव तेवढाच होता.

तेव्हाचा मी अजून भांडतो: डॉक्टरकडे न्यायचं त्यांना कळायला नको? अरे, पण 'आधी दाखवून या' म्हणायला तुझं काय जात होतं?

आणि तरीही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चार महिन्यांच्या नातवाला मधातून बाळगुटी चाटवायला निघाल्या, तेव्हा मीच आडवा आलो. वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या बोटुलिझमच्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. आजींनी तीन पोरं वाढवलीत, तिघं नोकरीला. त्यांचा अनुभव मोठा की माझं वाचन?

परवा लिफ्टमध्ये एका नव्या बापाने विचारलं, "झोपतच नाही हो, काय करू?" ठरवलं होतं, गप्प बसायचं. "कान दाखवलेत का?" म्हणालो. त्याचा मजला आला, दार उघडलं, मी बोलतच होतो.