१:१६ पिकअपची चढण: पितळ, पाटे आणि सावकाश मोटर

मार्चअखेरची स्थिती आधी नोंदवतो, म्हणजे पुढची मापं कशाशी ताडायची ते कळेल. गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, १:१६ मापाची पिकअप, चारही चाकांना ताकद जाणारी; तिला कातळ चढायला शिकवायचं होतं. पुढे-मागे सरळ ॲक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (एकावर एक पट्ट्यांचे लीफ स्प्रिंग), प्लास्टिकची चासी, २६० आकाराची ब्रश मोटर. दोन ॲक्सलमधलं अंतर १७० मिमी, टायरचा व्यास ६० मिमी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॅटरीसकट वजन ६४० ग्रॅम. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवून मोजलं: पुढे ३००, मागे ३४०. म्हणजे पुढच्या ॲक्सलवर जेमतेम ४७ टक्के. कातळ चढणाऱ्या गाडीसाठी मी हेच पहिलं माप मानतो, आणि ते खोक्यावर कधीच छापलेलं नसतं.

पाट्यांचीच गाडी मुद्दाम निवडली. तामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९८१ साली १:१० मापाची टोयोटा हायलक्स ४×४ काढली. तिला पाटे होते, तीन गतींचा गिअरबॉक्स होता. आज त्या किटकडे हात जाणं परवडत नाही, पण खऱ्या ट्रकसारखी पाट्यांवर डुलत चालणारी छोटी गाडी मला कॉइल स्प्रिंगवाल्या गाड्यांपेक्षा जास्त आवडते. चढणीला पाटे थोडे त्रासदायक असतात. तो त्रास कमी करता येतो, त्याबद्दल पुढे येईलच.

आमच्या रिमोट गाड्यांच्या गटातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "मोटर कुठली टाकलीस?" मोटर मी सगळ्यात शेवटी बदलली. चढावर गाडी अडते तेव्हा बहुतेक वेळा मोटरची ताकद संपलेली नसते. एक तर टायर घसरतो, नाही तर गाडी मागे उलटते. या दोन्हींवर जोरकस मोटर हा उपाय नाहीच. उलट ती टायर लवकर घसरवते आणि गाडी जोरात उलटवते.

उलटण्याचं गणित अगदी सरळ आहे. मागच्या ॲक्सलपासून गाडीचा गुरुत्वमध्य किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती उंच आहे, या दोन मापांचं गुणोत्तर काढायचं. ते ज्या कोनाचं टॅन्जंट येईल, त्या कोनाला गाडी उलटते. माझ्याकडे १७० मिमीचे ४७ टक्के, म्हणजे ८० मिमी पुढे. उंची साधारण ७० मिमी. उत्तर येतं ४९ अंश. पत्र्यासारख्या कडक प्लायवर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवून फळी केली, मोबाइलमधल्या लेव्हलने कोन मोजला, तर गाडी ४५ अंशांनाच मागे पडली. चढावर मागचे पाटे दबतात आणि गाडी मागे बसते, हा मधला फरक त्याचाच.

आता ८० चे १०० आणि ७० चे ६० कसे होतील, एवढाच प्रश्न उरला. त्यासाठी वजन पुढे हवं, खाली हवं, आणि जमलं तर स्प्रिंगच्याही खाली, थेट चाकात.

एप्रिलमध्ये एका शनिवारी मुंबईतल्या गुलालवाडीत गेलो. किका स्ट्रीटच्या त्या गल्ल्यांत पितळ, तांबं, ॲल्युमिनियम वजनावर मिळतं, आणि छोटा तुकडा मागितला तरी बहुतेक दुकानदार कापून देतात. ३२ मिमी व्यासाची पितळी सळई घेतली. तिथून चालत नागदेवी स्ट्रीटवर. तिथल्या एका लेथवाल्या मिस्त्रीकाकांना वहीवर काढलेलं चित्र दाखवलं: बाहेरून ३२ मिमी, आतून १४, जाडी ८.

"एवढ्याशा रिंगा कशाला बसणार, दादा?"

"खेळण्यातल्या ट्रकच्या चाकात, काका. रिमच्या आत."

त्यांनी रिम हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मग दोन्ही कडांना चॅम्फर मारून देतो. धार राहिली तर तुमचं प्लास्टिक खाईल." चित्रात मी चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरका उतार, दाखवलेला नव्हता. चार दशकं धातू कापलेला माणूस रिमला नुसतं बोट लावून हे सांगतो, तेव्हा तिथे उभं राहून बघत राहावंसं वाटतं. शिवाय त्यांनी दोन्ही रिंगांचं वजन जुळवून दिलं. एकेक रिंग ४४ ग्रॅमची भरली. (पितळाची घनता घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे घरीच हिशोब करून जाता येतं.)

दोन्ही रिंगा पुढच्या चाकांतच बसवल्या. मागे एकही नाही. बाजारात चारही चाकांसाठी पितळी वजनांचे संच मिळतात आणि लोक चारही बसवतात. गाडी जड होते, जमिनीला चिकटून चालते, हे खरं. पण मागच्या चाकातलं वजन चढणीवर मागेच ओढतं. पैसे कमी असतील तर पितळही नको. टायरवाल्यांकडे गाड्यांची चाकं बॅलन्स करायला चिकटपट्टीवाली पाच-दहा ग्रॅमची वजनं असतात, ती रिमच्या आत गोल चिकटवली तरी चालतं.

बॅटरी मूळ रचनेत मागच्या हौद्याखाली होती. ती बॉनेटखाली, सर्वोच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) मागे आणली. तिचे ६० ग्रॅम पुढे सरकले, फुकटात. काटा पुन्हा लावला: पुढे ४३०, मागे २९८.

टायरबद्दल थोडक्यात. मूळ टायर कडक होते, नखाने दाबले तर खूण उमटत नव्हती. मऊ रबराचे, त्याच व्यासाचे घेतले. आतला फोम पुढच्या टायरमध्ये कात्रीने आतल्या बाजूने थोडा कमी केला, म्हणजे वजनाखाली टायर पसरतो आणि दगडाची कड पकडतो. रिमला हवा जायला एक बारीक भोक असू द्या, नाही तर टायर फुग्यासारखा ताठ राहतो. मागच्या टायरचा फोम जसाच्या तसा ठेवला आहे.

पाट्यांवर मी सगळ्यात जास्त रमलो. प्रत्येक जोडीत तीन पट्ट्या होत्या. पुढच्या जोडीतली मधली पट्टी काढली, तेव्हा कुठे पुढचा ॲक्सल दगडावर तिरका व्हायला लागला. आधी एक चाक उचललं की दुसरंही उचललं जायचं. मागची पट्टी मात्र काढू नका. चढावर थ्रॉटल दिला की मागचा ॲक्सल चाकांच्या उलट दिशेने स्वतःभोवती पिळतो, पाटा नागमोडी होतो, मग एकदम सुटतो आणि गाडी जागच्या जागी उड्या मारते. मऊ पाट्याला हे जास्त होतं. त्यावर उपाय म्हणून ॲक्सलच्या माथ्यापासून चासीपर्यंत एक आडवी सळई लावली, खऱ्या ट्रकना असते तशी. त्यासाठी सायकलचा स्पोक वापरला. दोन मिलिमीटरची पोलादी तार, हाताने हवी तशी वळवता येते आणि भाराखाली वाकत नाही. चासीकडचं भोक लांबट ठेवलं, म्हणजे पाटा दबताना ॲक्सलला मागे सरकायला वाव राहतो. उड्या पूर्ण थांबल्या. सगळ्या कामात कमीत कमी खर्चाची आणि जास्तीत जास्त समाधानाची गोष्ट हीच.

मग लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाच मिनिटांत सर्वो, वायर, कनेक्टर, हीट श्रिंक नळ्या, सगळं एका रस्त्यावर. मूळ नऊ ग्रॅमचा प्लास्टिक गिअरचा सर्वो दगडाच्या फटीत अडकलेलं चाक फिरवू शकत नव्हता. पितळामुळे त्याच्यावरचा भार आणखी वाढला होता. सतरा ग्रॅम वर्गातला, धातूच्या गिअरचा, सहा व्होल्टला साडेतीन किलो-सेंटिमीटर ताकदीचा सर्वो घेतला.

इथे एक सूचना. नवा सर्वो अडला की एक अँपियरहून जास्त करंट ओढतो. मूळ सर्किट बोर्डमधून तोच पाच व्होल्टचा पुरवठा रिसीव्हरलाही (रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागालाही) जात असेल, तर व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. ऐन चढावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी मेल्यासारखी थांबते आणि मग आपोआप चालू होते, हे त्याचं लक्षण. लोक रिमोटला दोष देतात. रिमोट ठीक असतो. सर्वोसाठी तीन अँपियरचा वेगळा यूबेक (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं छोटं सर्किट) लावा, बॅटरीतून थेट. सर्वोची लाल वायर रिसीव्हरपासून तोडायची आणि यूबेकच्या लाल वायरला जोडायची. काळी मात्र तिन्हीकडे एकच राहिली पाहिजे, नाही तर सिग्नलला आधारच उरत नाही.

मूळ बोर्ड काढून ड्रॅग ब्रेकवाला वेगळा स्पीड कंट्रोलर आणि २.४ गिगाहर्ट्झचा साधा रिसीव्हर बसवला. ड्रॅग ब्रेक म्हणजे थ्रॉटल सोडला की मोटर स्वतःच चाकं धरून ठेवते. उतारावर गाडी जिथे सोडाल तिथे उभी राहते. ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांना मी कळकळीने सांगेन, एकदा वापरा. चढावर मध्येच थांबून पुढचा दगड बघता येतो, चाक कुठे टेकवायचं ते ठरवता येतं. या प्रकारातली खरी मजा तीच आहे.

बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), १००० एमएएच. भरलेली ८.४ व्होल्ट, ६.४ ला उतरली की कंट्रोलर पुरवठा तोडतो. वापरात नसताना ठेवायची ती सेलमागे ३.८ व्होल्टला. आपल्या मुंबईच्या घरांत चार्जिंगची जागा म्हणजे बहुतेक वेळा पडद्याजवळचा किंवा गादीशेजारचा प्लग. तसं करू नका. मी ओट्यावर, फायरप्रूफ पिशवीत, समोर उभा राहूनच चार्ज करतो.

आता मोटर. जुनी २६० भाराखाली मिनिटाला सुमारे १५,००० फेरे, एकूण गिअर ३६ ला १. म्हणजे चाकाचे ४१७ फेरे, टायरचा घेर १८८ मिमी, तासाला ४.७ किलोमीटर. हा माणसाच्या चालीचा वेग झाला, आणि कातळावर तो फार होतो. नवी ३७० मोटर १२,००० फेऱ्यांची, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे गिअर धातूचे, एकूण ६० ला १. चाकाचे २०० फेरे, तासाला सव्वादोन किलोमीटर. ताकद वाढली ती मुख्यतः या गिअरमधून. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, बसवताना दोन गिअरांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून दाबायचं, स्क्रू आवळायचे, मग कागद ओढायचा. तो दात उमटलेला पण न फाटलेला बाहेर आला पाहिजे. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्यांना लावू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

धातूच्या गिअरांनी दोन्हीकडे पंधरा-पंधरा ग्रॅम वाढले. शेवटचा काटा: पुढे ४४५, मागे ३१३, एकूण ७५८. पुढे साधारण ५९ टक्के. गुरुत्वमध्य १०० मिमी पुढे आणि ६२ मिमी उंच, कागदावर ५८ अंश. फळीवर ५३ अंशांपर्यंत चढली, आणि त्यापुढे उलटली नाही, घसरली. म्हणजे आता मर्यादा टायरची आहे. मला हेच हवं होतं, कारण घसरलेली गाडी पुन्हा दुसऱ्या वाटेने चढवता येते.

मेअखेरीस, पाऊस लागायच्या आत, वांद्र्याच्या बँडस्टँडला नेली. तिथले काळे, खडबडीत कातळ ओहोटीला उघडे पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, त्यामुळे सकाळी सहा-सातला पाणी खूप आत गेलेलं असतं आणि ऊनही नसतं. वेळापत्रक बघूनच उतरा आणि पाणी फिरायच्या आत वर या. पावसाळ्यात तिथे खाली उतरूच नका.

कोरड्या कातळावर गाडीने माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त केलं. टायरच्या दुप्पट उंचीची पायरी, आधी पुढचं डावं चाक, मग थांबून उजवं, मग मागचा ॲक्सल पाट्यांवर तिरका होत वर. जुन्या गाडीला ही पायरी अशक्यच होती. शेवाळ असलेल्या दगडावर मात्र मऊ रबराचाही उपयोग नाही, तिथे वाट बदलायची.

समुद्रावरून आलं की त्याच दिवशी बॅटरी काढून गाडी गोड्या पाण्याने धुवा, पंख्याखाली वाळवा, मोटरच्या दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब द्या. बेअरिंग मी रबरी सील असलेली, ४×८×३ मिमीची, नागदेवीवरूनच घेतली होती. खारी हवा उघड्या बेअरिंगला पावसाळाभर टिकू देत नाही.

राहिलेलं मोठं काम स्टिअरिंगचं आहे. दोन्ही ॲक्सल लॉक असल्यामुळे (डावं-उजवं चाक कायम एकाच वेगाने फिरतं) गाडी फार मोठा वळसा घेते, आणि पुढची चाकं तीस अंशांच्या पुढे वळवली की आतले डॉगबोन शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारे, दोन्ही टोकांना गाठ असलेले दांडे) अडखळतात. त्याजागी जॉइंट क्रॉसवाले शाफ्ट बसवायचे आहेत, म्हणजे चाळीसपर्यंत जाता येईल. त्यासाठी नकलच्या (चाक धरून वळणाऱ्या भागाच्या) आतली कड एक मिलिमीटर घासावी लागणार आहे. पावसाळ्यात घरी बसून तेच काम.