मॉडेल आधी, कोड मागून: आमची वाटचाल

आमचं ऑफिस बेळगावच्या टिळकवाडीत, गिऱ्हाईक उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने. हीट नंबरापासून (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) डिस्पॅचपर्यंत मालाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही ईएमएफवर उभं केलं; आधी मॉडेल आखायचं आणि त्यावरून कोड काढून घ्यायचा, असं हे एक्लिप्सचं साधन. मॉडेलं कशी मांडायची ते सांगणारं एमओएफ १९९७ पासून ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे, ईएमएफमधलं ईकोर त्याच वळणाचं. तरी बेळगावात मेटामॉडेल (मॉडेलात काय काय असेल ते ठरवणारं मॉडेल) करतो म्हटलं की ‘हे कॉलेजातलं’ म्हणून लोक वाटेला लावायचे.

पहिल्या फाउंड्रीचे मालक, आमचे अण्णा, ईकोरच्या ट्री एडिटरसमोर स्वतः खुर्ची ओढून बसले. हीट एक ईक्लास, म्हणजे ईकोरमधला वस्तूचा एक प्रकार, आणि कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, दुसरा. कास्टिंग हीटच्या कंटेनमेंटमध्ये, म्हणजे तिच्या पोटात, घालायचं का? तसं केलं तर हीट काढली की कास्टिंगही जातं. अण्णा म्हणाले, "स्पेक्ट्रोत (धातूच्या तपासणीत) हीट नापास झाली म्हणून ओतलेला माल नाहीसा होतोय काय? तो कुठं गेला ते दिसाय पाहिजे." कास्टिंग ऑर्डरखाली ठेवलं आणि हीटशी दोन्हीकडून साधा रेफरन्स, म्हणजे नुसता दुवा, जोडला. ते मॉडेल आजही तसंच आहे.

मग बाहेरची एक मोठी कंपनी आली. आमचीच पोरं जास्त पगारावर उचलली आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटली की जनरेट केलेला कोड पुढं कुणालाच दुरुस्त करता येत नाही. धडधडीत खोटं! मेथडवरच्या ‘@जनरेटेड’ खुणेपुढं ‘नॉट’ लिहिलं की कोड काढणारा जनरेटर त्या मेथडला हात लावत नाही, हे त्या पोरांना आम्हीच शिकवलेलं. तरी एकेक गिऱ्हाईक गेलं. भाडं थकलं, पगार थकले. त्या कंपनीचं ते बोलणं मी अजून विसरलेलो नाही. एकट्या अण्णांनी वर्षाचं मेंटेनन्स आगाऊ भरलं, त्यावर आम्ही तगलो.

नंतर ऑडिटरने लॅडलनिहाय (धातूचा रस ओतायच्या भांड्यानिहाय) तापमानाची नोंद मागितली. आम्ही ईकोरमध्ये क्लास वाढवला, जेनमॉडेल (कोड कसा काढायचा ते सांगणारी फाइल) रीलोड करून कोड काढला, हाताने लिहिलेलं जागेवर राहिलं. त्या कंपनीकडं गेलेली गिऱ्हाइकं तेव्हा चौकशीला आली.

नव्या पोरांना सांगतो, हाताचा कोड शक्यतो वेगळ्या क्लासात ठेवा, आणि ओसीएलचे नियम, म्हणजे मॉडेलवरच्या अटी, स्क्रीन करायच्या आधी लिहा.

सध्या एक्सटेक्स्टवर, म्हणजे स्वतःची भाषा बनवायच्या साधनावर, तपासणीच्या नियमांची छोटी भाषा करतोय. तिच्या मूळ आयडी टर्मिनलमध्ये, म्हणजे नावात कुठली अक्षरं चालतील त्या नियमात, देवनागरीही बसत नाही, कन्नडही नाही. ते टर्मिनल आम्ही बदललं, कारण अण्णांचा एक सुपरवायझर मराठीत लिहितो, दुसरा कन्नडमध्ये.