लाकडी कंपास घरी गेला की समजायचं

फॉर्म्युला वनच्या अफवांतलं खरंखोटं कसं ओळखायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारायला गेले की कुणी ना कुणी जुना विद्यार्थी भेटतो. तब्येतीची चौकशी होते, आणि मग पेपर फुटल्याची खबर द्यायची असल्यासारखा आवाज खाली जातो: ‘बाई, तो खरंच टीम सोडणार का हो? तुम्हाला काय वाटतं?’

फॉर्म्युला वनच्या गाडीतलं मला फारसं कळत नाही. मऊ टायर आणि कडक टायर यातला फरक धाकटा दर सीझनला समजावतो आणि मी दर सीझनला विसरते. पण कोण कुठे जाणार आणि कुठली तारीख हलणार, या अफवांतलं खरंखोटं मला बऱ्यापैकी जमतं. त्याचं कारण रेसमध्ये नाही. अकरा वर्षं मी शाळेचं वेळापत्रक केलंय.

पुठ्ठ्याचा मोठा तक्ता, प्रत्येक शिक्षकाची वेगळ्या रंगाची चिठ्ठी आणि डबीभर टाचण्या. एक चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावायची म्हटलं, की तिथली चिठ्ठी हातात येते. ती ठेवायला तिसरी काढा. शेवटी रात्री दहाला हातात उरायची ती चित्रकलेच्या सरांची, आणि बिचाऱ्यांचा तास शनिवारी पहिला लागायचा. त्यांनी काही केलेलं नसायचं.

म्हणून अफवा आली की ‘हा जाईल का?’ हे मी विचारतच नाही. खुर्ची, म्हणजे गाडीतली ड्रायव्हरची जागा, कुठली रिकामी होतेय, ते बघते. 2025 पर्यंत खुर्च्या होत्या फक्त 20. 2026 ला कॅडिलॅक ही अकरावी टीम आली आणि त्या 22 झाल्या. सगळ्या जगात मिळून 22, आणि लोकलमध्ये ‘जरा सरका’ म्हणून मिळते तशी चौथी सीट इथे नाही.

2022 चा उन्हाळा आठवा. 28 जुलैला फेटेल या ड्रायव्हरने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे अॅस्टन मार्टिन टीममधली एक चिठ्ठी निघाली. 1 ऑगस्टला तिथे अल्पीन टीमचा अलोन्सो. अल्पीनच्या प्रमुखाला आपला ड्रायव्हर गेल्याचं पक्कं कळलं ते म्हणे त्या प्रसिद्धिपत्रकातूनच. दुसऱ्या दिवशी अल्पीनने जाहीर करून टाकलं, की आमचा राखीव मुलगा पिआस्त्री आता गाडीत बसेल. काही तासांत त्या मुलाने जगाला सांगितलं, मी सही केलेली नाही आणि पुढच्या वर्षी अल्पीनसाठी गाडी चालवणार नाही. प्रकरण करार तपासणाऱ्या मंडळापुढे गेलं, आणि मॅक्लारेन या दुसऱ्या टीमशी त्याचा 4 जुलैचा करार वैध ठरला. म्हणजे फेटेल बोलण्याच्याही आधी तिकडे चिठ्ठी लागलेली होती! मग मॅक्लारेनमधून रिकार्डो बाहेर. अल्पीनची जागा भरायला अल्फाटॉरीतून गॅसली. गॅसलीच्या जागी डी फ्रीस. आणि गंमत बघा, दहा रेस झाल्यावर डी फ्रीसला काढलं आणि त्या खुर्चीत बसवलं कुणाला? रिकार्डोला. माझा तक्ताही असाच फिरून फिरून पुन्हा सातवी ‘ब’वर यायचा.

आता नकार कसा वाचायचा, ते. आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. दुसऱ्या शाळेत चालल्यात, अशी कुजबुज दिवाळीपासून होती. मी सरळ विचारलं, पुढच्या वर्षी दहावी घ्याल ना? त्या हसून म्हणाल्या, ‘सध्या तरी मी इथेच आहे हो, आणि छान चाललंय.’ मी समाधान मानलं. पण फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा लाकडी कंपास त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेला होता. खडू अडकवायच्या टोकाला कापडाची चिंधी गुंडाळलेली, खडू निसटू नये म्हणून. फेब्रुवारीत एक दिवस तो कपाटात दिसला नाही. विचारल्यावर म्हणाल्या, घरी मुलाला हवा होता. मुलगा त्यांचा तिसरीत! मे महिन्यात राजीनामा आला.

तेव्हापासून ‘सध्या’ या शब्दाला मी भिते. ‘माझा करार आहे’, ‘मी इथे आनंदी आहे’, ‘माझं लक्ष पुढच्या रेसवर आहे’ हे सगळे त्या ‘सध्या’चेच भाऊ. पिआस्त्रीचा नकार खरा होता, कारण त्यात वर्ष होतं आणि टीमचं नाव होतं. 2025 च्या जुलैत व्हर्स्टापेन मर्सिडिजला जाणार म्हणून केवढा गदारोळ होता. त्यावर पडदा कधी पडला? हंगेरीच्या रेसआधी त्याने पुढच्या वर्षी रेड बुलमध्येच असेन, असं वर्ष सांगून म्हटल्यावर.

माझंही चुकतं. आणि चुकलं ते चांगलं जाहीर चुकलं. हॅमिल्टन फेरारीत जाणार, ही अफवा म्हणजे लांडगा आला रे आला. वर्षानुवर्षं यायची आणि विरायची. त्यात 2023 च्या ऑगस्टअखेरीस त्याने मर्सिडिजशी 2025 पर्यंतचा करार केलेला. त्यामुळे 1 फेब्रुवारी 2024 ला धाकट्याचा कोपरखैरण्याहून फोन आला तेव्हा मी त्याला झापलं, कामं नाहीत का तुला. त्याच रात्री फेरारीनेच जाहीर केलं. करारात वर्षभराने बाहेर पडायची वाट होती, आणि मी फक्त शेवटचं वर्ष वाचलं होतं. बाईंनी प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिलं, हे तो अजून चारचौघांत ऐकवतो.

त्या घोषणेत मला वाईट वाटलं ते फेरारीतली खुर्ची गेलेल्या साइन्झचं. चित्रकलेचे सर! अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे त्याची एक रेस चुकली, पुढची ऑस्ट्रेलियाची त्याने जिंकली, आणि तरी पुढच्या वर्षीची खुर्ची जुलैअखेरपर्यंत ठरेना. शेवटी विल्यम्स. उलट पेरेझने 2024 च्या जूनमध्ये रेड बुलशी नवा करार केला आणि डिसेंबरात तो घरी. तेव्हा ‘सही झाली’ ऐकून पेढे वाटू नका.

तारखांचं मात्र सोपं आहे. लोकांना वाटतं, कुणीतरी राजकारण करून रेस हलवतं. असेलही. पण बहुतेक वेळा कारण शाळेच्या तक्त्यासारखंच साधं असतं. 2024 ला बहारीन आणि सौदीच्या रेस शनिवारी का झाल्या? सौदीच्या रविवारी रमजान सुरू होत होता. दोन रेसमध्ये आठवडा हवा, म्हणून सौदी शनिवारी आणि तिच्यामुळे बहारीनही शनिवारी. एक टाचणी काढली की दुसरी निघतेच. त्याच वर्षी सगळं सामान मायामीहून युरोपात, युरोपातून कॅनडाला आणि परत युरोपात, असं अटलांटिकवरून ये-जा करत होतं. कुणीही घरातली बाई म्हणाली असती, अहो, एका फेरीत दोन्ही कामं करा. 2026 च्या वेळापत्रकात कॅनडा मे महिन्यात मायामीच्या मागे लावली आणि मोनॅको जूनमध्ये ढकलली. 24 रेस बसवायच्या, ऑगस्टची सुट्टी द्यायची, पावसाळे टाळायचे. माझ्याकडे निदान मधली सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी होती.

आमच्या झोपेचा विचार त्यात कुणी करत नाही. युरोपातली रेस संध्याकाळी साडेसहाला, ती देवाला दिवा लावून बघता येते. मायामी रात्री दीडला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा पहाटे दिवा बघून काळजीने बेल वाजवली होती.

आणि एक प्रश्न प्रत्येक जण शेवटी विचारतोच. भारतात परत कधी? ग्रेटर नोएडाला 2011, 2012 आणि 2013 अशा तीन रेस झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या. 2014 ला नाही, पण 2015 ला येणार, असं तेव्हा सांगितलं होतं. 2015 चं कालनिर्णय भिंतीवर लावलं, त्याच दिवशी ऑक्टोबरचं पान उलटून शेवटच्या रविवारी मी पेन्सिलने गोल काढून ठेवला. तारीख कुणी दिली नव्हती. आधीच्या तिन्ही ऑक्टोबरअखेरीस झाल्या, म्हणून मीच ठरवली.