ठकी आणि आजीचा पाट

ठकी ही आमची कुत्री. तिला घरी आणलं तेव्हा ती दीडेक वर्षाची होती. भर पावसात, एका बांधकामाच्या खड्ड्यात पडलेली सापडली होती. मागच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, एक्स-रेमध्ये सगळं छान दिसलं. पण उभी राहिली की ती उजवा पाय नुसता टेकवायची, भार सगळा डावीकडे. पायाखालचं काही हललं किंवा वाजलं की पोट जमिनीला लावून बसायची. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गटारावर लोखंडी जाळी आहे. त्या जाळीवरून तिला कित्येक महिने उचलून न्यावं लागलं. 16 किलोची कुत्री, दिवसातून चार वेळा.

फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरांनी टेपनं तिच्या मांड्या मोजल्या. डावी 31 सेंटीमीटर, उजवी 28. त्यांनी समजावलं की धडधाकट कुत्रासुद्धा शरीराचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवरच घेतो. मागचा पाय दुखायला लागला की तो आणखी पुढे झुकतो. पुढे दुखणं थांबतं, झुकण्याची सवय मात्र राहते आणि न वापरलेल्या पायाचे स्नायू वाळत जातात. 'हा पाय टेक' असं कुत्र्याला सांगता येत नाही. म्हणून पायाखालची जागाच अशी बदलायची, की त्याला तो पाय वापरावासा वाटेल. डॉक्टरांनी हाड पक्कं झाल्याची खात्री करून मगच परवानगी दिली. ऑपरेशन झालेल्या किंवा लंगडणाऱ्या कुत्र्याला हे सगळं आपल्या मनानं सुरू करू नये.

मी त्याच संध्याकाळी बॅलन्स डिस्क, म्हणजे हवा भरलेली डुलती गोल उशी, आणि वॉबल बोर्ड, म्हणजे खाली अर्धगोल बसवलेली डुगडुगती फळी, विकत आणली आणि ठकीला उचलून फळीवर ठेवलं. फळी कलली, तिची कड फरशीवर खाडकन आपटली आणि ठकी दिवाणाखाली गेली. त्यानंतर तीन आठवडे ती त्या खोलीत आली नाही. खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहून फळीकडे बघायची, जिभेनं नाक चाटायची आणि मागे फिरायची. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. तिच्या जिवाला आधीच घोर होता, त्यात मी भर घातली.

आई म्हणाली, "अगं, तिला उचलू नकोस. तिची ती येऊ दे." तिनंच माळ्यावरून आजीचा पाट काढून दिला. चार बोटं उंचीचा सागवानी पाट. फरशीवर सरकू नये म्हणून खाली रबरी चटई घातली, वर योगा मॅटचा तुकडा चिकटवला आणि पाट मधोमध ठेवून मी बाजूला बसले. उकडलेल्या कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे हाताशी होते. पाटाकडे बघितलं, तुकडा. वास घेतला, तुकडा. चौथ्या दिवशी तिनं आपणहून एक पंजा वर ठेवला.

तिथून पुढचा आमचा सगळा व्यायाम एकाच गोष्टीवर उभा राहिला: तिला वाटेल तेव्हा खाली उतरता आलं पाहिजे. पट्टा लावायचा नाही, हातानं धरून ठेवायचं नाही. उतरली तर उतरली, परत आली की खाऊ. गंमत अशी, की उतरायची मोकळीक आहे हे कळल्यावर ती जास्त वेळ थांबायला लागली.

पुढचे दोन पाय पाटावर आले की भार मागच्या पायांवर जातो, आणि आम्हाला हवं होतं तेच होतं. खाऊ मात्र तिच्या नाकाच्या रेषेत धरावा लागतो. उंच धरला की मान वर जाते आणि पाठ वाकते. पाटानंतर गादी आली, मग डिस्क. डिस्कमध्ये सुरुवातीला हवा कमी ठेवली, म्हणजे ती जमिनीवर पसरून बसते आणि कमी डुलते.

जमिनीवर आडवे दांडे ठेवून त्यांवरून चालवण्याचा व्यायाम घोड्यांच्या प्रशिक्षणातून आलाय, त्याला कॅव्हॅलेट्टी म्हणतात. आम्ही प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचे पाच तुकडे आणले. ठकीच्या खांद्याच्या उंचीइतकं अंतर सोडून ते आधी नुसते जमिनीवर मांडले आणि दोन आठवड्यांनी थोडे उचलले. सावकाश चालवलं की प्रत्येक पाय जाणून उचलावा लागतो. पळत गेली की ती उजवा पाय उडवून न्यायची, म्हणून घाई अजिबात नाही. सकाळ-संध्याकाळ चार-चार मिनिटं, जेवणानंतर कधीच नाही, आणि रविवारी सुट्टी. मांडी थरथरायला लागली, जांभई आली किंवा तोंड फिरवलं, की तिथंच थांबायचं.

वॉबल बोर्ड सगळ्यात शेवटी आणला. कडांखाली घड्या घातलेले टॉवेल सारले होते, त्यामुळे फळी कलली तरी आवाज नाही. ठकीनं पंजा ठेवला, फळी हलली, तिनं पंजा काढला. मग पुन्हा ठेवला आणि मुद्दाम दाबून बघितला. फळी आपल्या पंज्यानं हलते आहे हे तिच्या लक्षात आलं तो क्षण मला तिच्या कानांत दिसला. नंतर टॉवेल एकेक घडीनं कमी केले.

पाच महिन्यांनी उजवी मांडी 30 सेंटीमीटर भरली. मोजताना ती एकाच कुशीवर झोपलेली असावी आणि टेप दर वेळी त्याच जागी यावी, नाहीतर आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

जाळीचं मात्र मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. एका सकाळी उचलायला वाकले, तर ती जाळीवर एक पंजा ठेवून उभी. जाळी खडखडली. तिनं पंजा काढून वास घेतला, परत ठेवला आणि चार पायांनी पलीकडे गेली. वॉचमन काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "ताई, गेली की हो!"

लिफ्ट अजून बाकी आहे. सध्या आम्ही रोज तिच्या उघड्या दारासमोर दोन मिनिटं बसतो आणि जिन्यानं वर येतो.