तुम्ही विचारलंत म्हणून: आपली टीम नसताना फायनलला दिवसभर कशाला हिंडायचं?

"आपला देश फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये नाही. मग फायनलच्या दिवशी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तुम्ही नागपूरभर कशाला हिंडता?" हे मला स्टाफरूममध्ये विचारतात, घरी विचारतात, मुलींचे पालकही विचारतात. मी शाळेत खेळ शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ माझ्याकडे आहे, त्यामुळे "आवड आहे" एवढं म्हणून सुटता येतं. पण विचारणारे मनापासून विचारतात, तर उत्तरही सविस्तर द्यावं.

नागपूर म्हटलं की खेळातलं एकच नाव पुढे येतं, जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम. पण या शहराला फुटबॉलचं जुनं वेड आहे आणि ते बहुतेकांच्या वाटेवर येत नाही. कामठीची लष्करी छावणी 1821 ची. तिथे आणि इकडे मोमीनपुऱ्यात फुटबॉल घराघरांत मुरलेला आहे. कामठीचा रब्बानी, नागपूरचा राहुल क्लब, यंग मुस्लिम, ही नावं जिल्हा फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांमधून आम्ही ऐकत आलो. हिस्लॉप कॉलेजातल्या विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेल्या स्लम सॉकरला 2016 मध्ये फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा, डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. एवढं सगळं असून वर्षभर पेपरात चार ओळी. फायनलच्या दिवशी मात्र हे फुटबॉल घराबाहेर येतं. गल्लीत, चौकात, टपरीवर, जिथे जाल तिथे माणसं त्याच्याबद्दलच बोलत असतात. मी ते बघायला आणि ऐकायला जाते.

18 डिसेंबर 2022 चं सांगते. रविवार होता. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, कतारच्या लुसेल स्टेडियमवर, आपल्याकडे रात्री साडेआठला.

सकाळी आमच्या मुलींची एक मैत्रीपूर्ण मॅच होती. ती 1-1 सुटली. मैदानाचं नाव घेत नाही, पण तिथे मुलींना कपडे बदलायला एक खोली नाही. दोघी ओढणी धरून उभ्या राहतात आणि तिसरी जर्सी घालते. मोठ्या पडद्यासमोर नाचणाऱ्या प्रत्येक माणसानं हे एकदा पाहावं असं मला फार वाटतं. वर्ल्ड कपच्या महिन्यात जेवढे पैसे बॅनरवर जातात, त्यातल्या थोड्या पैशांत दोन खोल्या उभ्या राहतील.

मॅचनंतर कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे, मग सीताबर्डी. आठवड्यापूर्वीच मेट्रोचे नवे मार्ग सुरू झाले होते, त्यामुळे रविवारची गर्दी दुप्पट वाटत होती. फुटपाथवर आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सींचे ढीग, सगळ्यांच्या पाठीवर मेस्सीचा 10. आमच्या गोलकीपरला मात्र 23 हवा होता, अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझचा. प्रत्येक ठेल्यावर तिनं विचारलं. "ताई, गोलकीपरची कोण घेते?" एकानं तोंडावर सांगितलं. शेवटी तिनं साधा हिरवा टी-शर्ट घेतला आणि पांढरी चिकटपट्टी कापून पाठीवर 23 काढला. दोनचा आकडा जरा वाकडा आला होता, तरी ती तो दिवसभर मिरवत होती. गोलकीपरचं कौतुक करायला आपण कमी पडतो. आमच्या संघात ती जागा कुणालाच नको असते, हिनं मागून घेतली.

दुपारी कामठी. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नवी मेट्रो, पुढे ऑटो. तिथल्या मैदानावर एरवी लीगमध्ये एकमेकांच्या घोट्यावर जाणारी पोरं त्या दिवशी मिसळून दोन टीम करून खेळत होती, एका बाजूला अर्जेंटिना, दुसरीकडे फ्रान्स. फ्रान्सकडून खेळायला कुणी तयार नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. काठावर वयस्क मंडळी बसली होती, तरुणपणी स्वतः खेळलेली. त्यांच्याशेजारी अर्धा तास बसलं की कोचिंगच्या कोर्सात कळत नाही ते कळतं. एक चाचा एका पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "देखो मॅडम, बॉल आने के पहले इसने पीछे देख लिया." ती एक सवय लावायला माझा आख्खा हंगाम जातो.

परतताना रेल्वे स्टेशनच्या पूर्वेकडून, संत्रा मार्केटवरून मोमीनपुऱ्याकडे चालत निघालो. दुसऱ्या दिवसापासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं, म्हणून शहरात जागोजागी बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले पोलीस होते. मुलींच्या अंगावरच्या जर्सी पाहून एक हवालदार म्हणाले, "आम्हाला स्कोअर कोण सांगणार?" मग एकीनं त्यांच्या मोबाइलवर मॅच कुठे फुकट दिसते ते लावून दिलं.

आमची गोलकीपर मोमीनपुऱ्यातलीच. तिच्या नानींनी दारातूनच हाक मारली, "मॅडम, नीचे भीड है, ऊपर आ जाओ." वरच्या गॅलरीतून सगळी गल्ली दिसत होती. एका घराच्या भिंतीवर चादर ताणून प्रोजेक्टर लावलेला, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडे. मोरोक्कोचे लाल झेंडेही कुणी उतरवले नव्हते. उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला संघ, चारच दिवसांपूर्वी फ्रान्सकडून हरलेला. त्यामुळे गल्ली कुणाच्या बाजूनं, हे विचारायची गरज नव्हती. ब्राझीलवाले पिवळ्या जर्सी घालूनच बसले होते आणि अर्जेंटिनाला टाळ्या वाजवणं त्यांच्या जिवावर येत होतं.

मोठ्या हॉटेलांत तिकीट लावून मॅच दाखवतात, तिथेही मी गेले आहे. खुर्ची बरी असते, पण शेजारचा माणूस कोणत्या जागेवर खेळायचा हे तिथे कळत नाही. गल्लीत ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

मेस्सीची पेनल्टी, मग डी मारियाचा गोल, अर्जेंटिना 2-0. गल्लीत ढोल सुरू झाला. नानी म्हणाल्या, "अभी मत नाचो." त्यांच्या घरात तीन पिढ्यांनी फुटबॉल खेळला आहे, त्यांना माहीत असणार. ऐंशीव्या मिनिटाला एक गंमत झाली, तीही सांगते. आमच्या पडद्यावरची मॅच मोबाइलवरून येत होती, म्हणजे काही सेकंद मागे. पलीकडच्या गल्लीत डिशचा टीव्ही होता. आमच्याकडे बॉल अजून मैदानाच्या मध्यात, आणि पलीकडून "हाऽऽ" असा मोठा आवाज आला. काहीतरी वाईट घडलंय हे कळलं, काय ते कळेना. मग फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी दिसली. ढोल थांबला. ती पचते न पचते तोच पलीकडून पुन्हा तोच आवाज. सत्त्याण्णव सेकंदांत दोन गोल, 2-2. खालून कुणीतरी ओरडलं, "उधर वालों को बोलो रे, चुप बैठो!" जादा वेळेत मेस्सीनं 3-2 केले, एम्बापेनं आणखी एका पेनल्टीवर 3-3. फायनलमध्ये हॅटट्रिक 1966 नंतर पहिल्यांदाच.

पण ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते त्यानंतरचं. 123 वं मिनिट. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा मार्टिनेझसमोर. गोल झाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पलीकडून या वेळी काही आवाजच आला नाही, तिथेही सगळ्यांनी श्वास धरला असणार. मार्टिनेझ पुढे आला, खाली पडला नाही, हात पसरले, डावा पाय बाहेर टाकला आणि बॉल पायाला लागून गेला. मी पडदा सोडून शेजारी पाहिलं. आमच्या गोलकीपरचा डावा पाय गॅलरीच्या कठड्याला जोरात लागला होता. तिनं तो त्याच क्षणी बाहेर टाकला होता. फॉरवर्ड एकटा समोर आला की लवकर खाली पडायचं नाही, पुढे जाऊन कोन बंद करायचा आणि अंग पसरायचं, हे आम्ही मैदानावर रोज घोटतो. तो धडा जगातल्या सर्वांत मोठ्या मॅचमध्ये तिनं पाहिला, आणि पाहता पाहता स्वतः केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. 3-3 वरच वेळ संपली आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला. तिथे मार्टिनेझनं कोमानची पेनल्टी अडवली, चुआमेनीनं बाहेर मारली आणि माँटिएलनं चौथी पेनल्टी मारून 4-2 केलं. 1986 नंतर, छत्तीस वर्षांनी अर्जेंटिनाकडे कप आला. गल्लीत त्यानंतर फटाके, मिठाई, अनोळखी माणसांच्या गळाभेटी. पण आम्ही दोघी वर गॅलरीत उभ्या राहून त्या एका अडवलेल्या बॉलबद्दलच बोलत होतो. पाय किती बाहेर, वजन कुठल्या पायावर, हात किती उंच. नानी मध्येच म्हणाल्या, "पहले इसके पैर पे बर्फ लगाओ."

आता तुमचा पुढचा प्रश्न, "पुढच्या वेळी आम्हाला नेणार का?" नेईन. 2026 ची फायनल 19 जुलैला न्यू जर्सीत आहे, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर. पावसाचे दिवस असतील, तेव्हा भिंतीवर चादर चालणार नाही, ताडपत्रीची सोय आतापासून बघावी लागेल. आणि माझी एक अट आहे. रात्रीच्या मॅचला थेट यायचं नाही. आदल्या संध्याकाळी मुलींची मॅच असेल, तिथे काठावर उभं राहून पूर्ण पाहायची, दोन्ही हाफ.