कात्राबाईच्या खिंडीची वाट

रविवार, रात्री साडेनऊ. मुक्काम रतनवाडी.

गुडघ्यांना तेल चोळून झाले आहे आणि बाहेर थंडी चांगलीच पडली आहे. नोव्हेंबर संपत आला की अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला संध्याकाळी सहालाच अंगावर शाल घ्यावी लागते. झोपण्याआधी दोन दिवसांचे लिहून ठेवते, कारण घरी गेल्यावर वाटा एकमेकींत मिसळून जातात आणि कुठला ओढा कुठल्या वाटेवर होता हे आठवेनासे होते.

काल रतनगडावर गेलो होतो. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ती वाट आता सर्वांच्या पायाखालची झाली आहे. अमृतेश्वराच्या देवळापासून निघायचे, प्रवरेचे पात्र दोन-तीनदा ओलांडून जंगलात शिरायचे, दोन तास चढून गेल्यावर वाटेला फाटा फुटतो तिथे उजवीकडे वळायचे आणि मग कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांपाशी आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसायचे. शनिवार असल्याने पाऊण तास बसावे लागले. एका गटाने वाट सापडावी म्हणून झाडांना लाल प्लॅस्टिकच्या फिती बांधल्या होत्या आणि उतरताना त्या सोडून नेण्याचे कष्ट घेतले नव्हते; मळून हातभर खोल गेलेल्या वाटेवर खुणेची गरज कोणाला पडली असेल, हे मला कळले नाही. गडाची उंची साधारण १३०० मीटर. वरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसले की वाऱ्यामुळे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, पण एकीकडे भंडारदऱ्याचे पाणी, त्यापलीकडे कळसूबाई आणि अलंग, मदन, कुलंग ही त्रयी, तर दुसरीकडे एकदम खाली कोसळलेले कोकण असे सगळे एका बैठकीत दिसते. उतरताना शिड्या टाळून आम्ही त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाच्या बाजूला उतरलो. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या माझ्या मते गडावरची सर्वांत देखणी गोष्ट आहे, आणि त्यांवर काल आम्हा दोघांखेरीज कोणीही नव्हते.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि ज्यांच्या घरी उतरले आहे ते मामा. वय साठीच्या पुढचे, पायात रबरी चपला, कमरेला कोयता. गडावरून परत येताना मी त्यांना सहज विचारले की, त्या फाट्यावरून डावीकडे जाणारी वाट कुठे जाते. ते म्हणाले, “कात्राबाईच्या खिंडीत. पल्याड कुमशेत. आमची आई त्याच वाटंनं नांदाया आली.”

तेव्हाच आजचा बेत ठरला. कुमशेतला उतरायचे नाही, खिंडीपर्यंत जाऊन परतायचे, म्हणजे दिवस मावळायच्या आत घरी.

सकाळी सहाला निघालो. देवळाशेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या विष्णुमूर्ती अजून अंधारात होत्या. फाट्यापर्यंतची वाट कालचीच, पण काल गडबडीत जे पाहिले नव्हते ते आज दिसले. प्रवरा इथे नदी म्हणण्याइतकी मोठी नाहीच. गुळगुळीत दगडांतून पाण्याची एक दोरी वाहते आणि दगडांवर पाय देत ती ओलांडताना पावलेसुद्धा ओली होत नाहीत. हीच पुढे भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडते, ज्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले, आणि हीच संगमनेरवरून नेवाशाला जाते, जिथे ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले. एवढ्या मोठ्या नावांचे पाणी मी तीन पावलांत ओलांडत होते, याची थोडी गंमत वाटली.

फाट्यावरून डावीकडे वळल्यावर दहा मिनिटांतच चालण्याची जात बदलली. पायाखाली दगडांऐवजी कुजलेला पाला आला, दोन्ही बाजूंनी कारवी डोक्याच्या वर गेली आणि वाट तिच्यातून बोळासारखी जाऊ लागली. मामा दर वीसेक पावलांवर कारवीची एक काठी कोयत्याने अर्धी तोडून वाटेच्या दिशेला वाकवून ठेवत. पूर्ण तोडत नसत, कारण तुटलेली काठी नुसती पडून राहते आणि वाकलेली काठी बोट दाखवते, असे त्यांनी मला समजावले. पुढच्या पावसात ती कुजून जाईल, आणि खूणही तिच्याबरोबर जाईल. मला कालच्या लाल फिती आठवल्या.

वाटेत एका चढाच्या माथ्यावर कमरेएवढ्या उंचीचा एक सपाट धोंडा आहे. मी त्यावर बसायला गेले तेव्हा मामा म्हणाले, “ताई, ते बसायचं न्हाई, वझं ठेवायचं.” डोक्यावर भाताचे किंवा हिरड्याचे ओझे असलेला माणूस एकदा खाली बसला तर पुन्हा ते ओझे डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो, म्हणून अशा उंचीचा दगड चढाच्या शेवटी हवा, की नुसते गुडघे वाकवले तरी ओझे त्यावर टेकते आणि निघताना पुन्हा त्याखाली डोके घालता येते. धोंड्याचा वरचा भाग मध्यभागी झिजून बशीसारखा झाला आहे. मी त्यावर हात फिरवून पाहिला. आत शेवाळ होते आणि त्यात कारवीची चार पाने. बऱ्याच वर्षांत तिथे काही टेकलेले नव्हते.

इथे मी स्वतःचीच एक चूक लिहून ठेवली पाहिजे. साडेआठच्या सुमारास वाटेवर एक भलेमोठे जांभळाचे झाड आडवे पडलेले आले. मामा मागे काठी वाकवत थांबले होते. मी शहाणपणा करून झाडाला वळसा घातला आणि समोर दिसलेल्या स्वच्छ वाटेने चालू लागले. ती इतकी मळलेली होती की शंकाच आली नाही. पाव तासाने ती एका डबक्यापाशी पोहोचली आणि तिथेच संपली. चिखलात गुरांचे खूर उमटले होते. ढोरवाट होती ती. गुरांना खिंडीत कशाला जायचे असते? त्यांना पाणी हवे असते, आणि त्यांची वाट त्यांनी चोख मळून ठेवली होती. मामांनी हाळी दिली, मी उलट हाळी दिली, आणि आम्ही पुन्हा झाडापाशी भेटलो. ते रागावले नाहीत. “झाड पडल्यापून समद्यांचंच आसं व्हतंय,” एवढेच म्हणाले. मग आम्ही बुंध्यावर चढून, खोडावरूनच पलीकडे गेलो, तर खरी वाट बरोबर त्याच्या खालून पुढे निघालेली होती, जेमतेम पाऊलभर रुंदीची.

खिंडीत पोहोचलो तेव्हा दहा वाजायला आले होते. कात्राबाई देवीच्या ठाण्यापुढे मामांनी चप्पल काढून उदबत्ती लावली. तिथून पलीकडे उतार, खाली कुमशेतची घरे, सोनेरी गवत आणि समोर आजोबा नावाचा प्रचंड डोंगर. मागे फिरून पाहिले की प्रवरेचे खोरे, पुढे पाहिले की मुळा नदीचे. या धारेने दोन्ही पाणी वेगळे केले आहे आणि ती दोन्ही शेवटी पठारावर, इथून कितीतरी लांब जाऊन एकमेकींना मिळतात. तोवर माणसांनी थांबावे कशाला? त्यांनी मधली खिंड शोधली.

बरोबर आणलेली नागलीची भाकरी आणि ठेचा खाताना मामा वाटांची नावे सांगत होते: साम्रदहून खाली जाणारा करोली घाट, घाटघरचा चोंढ्या घाट, कुमशेतच्या बाजूची गुयरीदार आणि पाथरा. त्यांच्या बोलण्यात ‘ट्रेक’ हा शब्द एकदाही आला नाही. एखादी वाट मीठ आणायची, एखादी गुरे न्यायची, एखादी माहेरची. हा सगळा प्रदेश १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. त्यामुळे जंगल राहिले, हे मी मान्य करते. पण वाट राहते ती पायांनी, आणि ते पाय आता जीपमध्ये बसले आहेत. पूर्वी धरणाच्या पाण्यातून होडीने शेंडी गावाला जावे लागे, आता डांबरी रस्ता रतनवाडीत आला. कुमशेतलाही रस्ता झाला आहे. मामांच्या सुनेचे माहेरही कुमशेतचेच. ती शेंडी आणि राजूर असा मोठा वळसा घालून गाडीने जाते, आणि कडेवर दोन वर्षांचे मूल असताना तिने तसेच जावे असे मलाही वाटते. गडावर पर्यटक येतात, काजव्यांच्या दिवसांत तर रात्रभर गाड्यांची रांग असते, म्हणून गडाची वाट मरणार नाही. खिंडीच्या वाटेला मात्र गिऱ्हाईक नाही. दिवसभरात आम्हाला तिथे एकही माणूस भेटला नाही.

तिसऱ्या प्रहरी घरी आलो. मामांच्या आई, म्हणजे आजी, ओसरीवर उन्हात बसून वरई पाखडत होत्या. नव्वदीला आल्या असतील. डोळ्यांनी अंधुक दिसते, पण हात सुपावर अचूक चालतो. मी खिंडीत जाऊन आले हे कळल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि मला जवळ बसवून घेतले. देवीला काय वाहिले, कुमशेतची घरे दिसली का, ओझ्याचा धोंडा आहे का, असे एकामागून एक विचारले. मी धोंड्याबद्दल सांगितले. शेवाळाचे सांगितले नाही.

मग त्यांनी विचारले, “आन् खिंडीच्या अल्याड मोठी जांभळ हाय ना गं आजून? माहेरी जाताना तिच्याखाली शिदोरी सोडायची मी.”

मी मामांकडे पाहिले. ते दारात पाठ करून उभे होते आणि कोयत्याला लागलेला चीक पालापाचोळ्याने पुसत होते. त्यांनी वळून पाहिले नाही, नुसती मान हलवली, वरून खाली.

“आहे आजी,” मी म्हणाले. “आम्ही तिच्यावर थोडा वेळ बसलोसुद्धा.”

“तिच्यावर?” त्या हसल्या. “या वयात झाडावर चढलीस व्हय?”