पाणी जातंय कुठे?

गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली तेव्हा तिचा वॉशर पंप नुकताच नवा बसवलेला होता आणि तरीही मागच्या काचेवर पाण्याचा थेंब पडत नव्हता. गाडीच्या मालकीण ताईंच्या हातात दोन कागद होते. एक अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये भरलेलं पंपाचं बिल आणि दुसरं त्याहून कितीतरी मोठं एस्टिमेट. पुढून मागेपर्यंतची सगळी नळी बदलायची, मागच्या वायपरची मोटर बदलायची आणि त्यासाठी छताचं अस्तर उतरवायचं.

"दादा, दुरुस्ती नंतर बघू. आधी एवढंच सांगा, हे खरंच लागणार आहे का?"

हॅचबॅक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या काचेला पाण्याची टाकी बहुधा एकच असते आणि पुष्कळदा पंपही एकच. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे जातं, उलटी फिरली की मागे. वायपरचा दांडा पुढे ढकलला काय नि मागे ओढला काय, पंपाकडे जाणारे प्लस-मायनस फक्त अदलाबदल होतात. पंपाला दोन तोंडं असतात आणि आतला छोटा व्हॉल्व्ह त्यातलं नको ते बंद ठेवतो. हा व्हॉल्व्ह अडकला तर पुढे पाणी येतं, मागे येत नाही. म्हणजे पंपावर संशय घेण्यात सर्व्हिस सेंटरचं काही चुकलं नव्हतं. पण संशय आला की तपासायचं असतं.

पुढच्या चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं आवरण सैल केलं, पंपाच्या तोंडावरून मागे जाणारी नळी काढली आणि ताईंना दांडा दाबायला सांगितला. जोरदार धार निघाली. पंप ठणठणीत होता. मागचा वायपर तर काचेवर व्यवस्थित फिरत होता, मग त्याची मोटर का बदलायची? काही गाड्यांत पाणी त्या मोटरच्या पोकळ दांड्यातून नोझलपर्यंत, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोंडापर्यंत, जातं, हे खरं. पण पाणी तिथपर्यंत पोचतंय की नाही, हे आधी कुणी पाहिलं होतं का?

नळीत तोंडाने हलकी फुंकर मारली. नळी चोंदलेली असेल तर हवा अडते. इथे हवा आरामात गेली, नोझलमधून मात्र काहीच बाहेर आलं नाही. (अशा नळीत कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडणारे महाभाग आहेत. धड असलेले जोडही त्याने निसटतात.) गॅरेजमधला पोरगा डिकीपाशी कान लावून उभा होता. तो म्हणाला, "इथे वर सुं सुं वाजतंय."

तेवढ्यात ताई सहज बोलून गेल्या, "डिकीत कुबट वास येतो हो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पावसाचं पाणी झिरपत असेल."

डिकीतली चटई उचलली, स्टेपनी बाहेर काढली. खालच्या खळग्यात निळसर पाणी साचलेलं, बोट बुडवलं तर साबणासारखं बुळबुळीत. पावसाचं पाणी निळं नसतं. काच धुण्याचं द्रावण बहुधा निळं असतं, आणि तेच ताई टाकीत भरत होत्या. इतके दिवस मागच्या काचेसाठी दांडा ढकलला की पाणी काचेऐवजी इथे येत होतं. बाजूच्या दिव्याच्या कनेक्टरवर हिरवट गंज धरायला लागला होता.

डिकीचा दरवाजा जिथे बिजागरीवर वळतो, तिथे छतातून दरवाजात जाणारी एक रबरी घडीची नळी असते. तिच्यातून वायरी आणि पाण्याची नळी जातात. ती ओढून काढली आणि आत जोड सुटलेला सापडला. दरवाजाच्या प्रत्येक उघडझापीत ही पाण्याची नळी वाकते, उन्हाने कडक होते. तिचं तोंड पसरून सैल झालं होतं. पण तेवढ्याने ती निसटली नसावी. नोझल पाहिलं तर भोक क्षाराने पांढरं पडून बुजलेलं. पुढे वाट बंद, मागून पंपाचा जोर, मग सगळ्यात कच्चा जोड सुटणारच.

नळीचं खराब झालेलं टोक कापलं, नवा जोड बसवला, नोझल व्हिनेगरमध्ये भिजत घालून बारीक सुईने मोकळं केलं. फवारा काचेच्या मधोमध पडला. छताच्या अस्तराला हात लावावा लागला नाही.

आता भांडण भरून झालेल्या बिलाचं होतं. ताईंनी एक शहाणपण केलं होतं, बदललेला जुना पंप मागून घेतला होता. तो बादलीत बुडवून 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडला. आधी सुलट, मग वायरी उलट करून. दोन्ही तोंडांतून आळीपाळीने छान धार निघाली. ताईंनी व्हिडिओ काढला आणि तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, जुना पंप वीक होता," पलीकडून उत्तर आलं.

"जॉबकार्डवर तपासणीचा रकाना कोरा आहे. वीक होता हे कुठे लिहिलंय?"

"टेक्निशियनने बघितलं असणार..."

"आणि खाली 'तक्रार दूर झाली' यावर खूण आहे. दूर झाली, तर त्याच तक्रारीसाठी हे दुसरं एस्टिमेट कसलं?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला काही बोलावंच लागलं नाही.

त्यांची बाजूही सांगतो. अस्तर उतरवून अख्खी नळी बदलायला खरोखर तेवढे तास लागतात आणि मजुरी ठरलेल्या तासांवरच लावतात. त्या कामाचा दर खोटा नव्हता, फक्त त्या कामाची गरज नव्हती. जोड शोधत बसण्याचे तास मात्र कुठल्या तक्त्यात नसतात. म्हणून अख्खा भाग बदलणं त्यांना सोपं पडतं.

आधी ते म्हणाले, पैसे पुढच्या सर्व्हिसमध्ये वळते करून देऊ. ताईंनी नकार दिला आणि व्हिडिओ व जॉबकार्डाचा फोटो जोडून लेखी तक्रार केली. पंपाची किंमत आणि मजुरी खात्यात परत आली. तपासणी शुल्क नाही आलं. त्यावरून त्यांचा पत्रव्यवहार अजून सुरू आहे.

माझं बिलही त्यांनी ओळ न् ओळ वाचलं. 'ट्रिम क्लिप' (आवरण धरून ठेवणारी छोटी खुंटी) या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कुठे बसवली, दाखवा." दाखवली. मगच पैसे दिले.